शनिवारी दुपारी तीन वाजता: इंग्लंडमधल्या छोट्या नॉन-लीग मैदानावर फुटबॉल सामना कसा पाहावा

इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची फुटबॉलची यादी बहुधा ठरलेली असते. ओल्ड ट्रॅफर्डची टूर, एमिरेट्सच्या बाहेर फोटो, आणि जमलंच तर प्रीमियर लीगचं एखादं तिकीट. ते सहसा जमत नाही. आधी क्लबचं सदस्यत्व घ्या, मग सोडतीत नाव टाका, आणि इतकं करून मिळते ती पार वरच्या रांगेतली महागडी खुर्ची. तिथून खेळाडू ओळखायचे तर शर्टावरच्या नंबरावर भिस्त. त्याच शनिवारी तुमच्या घरापासून तीन-चार मैलांवर एक छोटं मैदान उघडं असतं. फाटकावर दहा-पंधरा पौंड द्यायचे, आत जायचं, कठड्याला टेकून उभं राहायचं. कॉर्नर घेणारा खेळाडू हाताच्या अंतरावर असतो.

प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे ७२, असे ९२ क्लब बाजूला काढले की उरलेलं सगळं नॉन-लीग. ही उतरंड खूप खोल जाते. वरचा क्लब घसरू शकतो आणि खालचा चढू शकतो, त्यामुळे दीडशे प्रेक्षकांसमोरच्या सामन्यालाही खरंखुरं वजन असतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ पाहिलेल्या माणसाला या वातावरणाची ओळख करून द्यावी लागणार नाही. पेठेचा अभिमान इथेही तोच आहे, फक्त थंडी जास्त आणि आवाज जरा कमी.

कोणत्या पायरीवर जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यांची चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या चार पायऱ्या त्या ९२ क्लबांच्या. पाचवी पायरी म्हणजे नॅशनल लीग. नावाला नॉन-लीग, पण बहुतेक क्लब पूर्ण व्यावसायिक. पाहुण्या समर्थकांसाठी वेगळं फाटक, वेगळा कोपरा, जागोजागी कारभारी, म्हणजे प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारे स्टुअर्ड. सहाव्या पायरीवर नॅशनल लीगचेच उत्तर आणि दक्षिण विभाग आहेत. सातव्या पायरीपासून प्रदेशवार लीग सुरू होतात: लंडन आणि आग्नेयेकडे इस्थमियन, मध्य आणि नैऋत्येकडे सदर्न, उत्तरेत नॉर्दर्न प्रीमियर. आठवी पायरी याच लीगच्या खालच्या विभागांची. नवव्या-दहाव्या पायरीवर त्या त्या भागातल्या लीग असतात.

माझं मत विचाराल तर पहिला सामना सातव्या किंवा आठव्या पायरीवरचा पाहा. प्रेक्षक काही शे ते हजारभर असतात, म्हणजे गाणी आणि आरडाओरडा असतो, पण धक्काबुक्की नसते. खेळाडू बहुतेक अर्धव्यावसायिक असतात. आठवडाभर इलेक्ट्रिशियन, शिक्षक, डिलिव्हरीचा ड्रायव्हर, मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. तरी दर्जा कमी समजू नका. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून याच थरात खेळत होता. २०१२ मध्ये लेस्टरने त्याला नॉन-लीगमधल्या फ्लीटवुडकडून उचललं आणि चार वर्षांत तो प्रीमियर लीगचा विजेता झाला.

दहाव्या पायरीवरचा सामनाही मस्त असतो, पण तो चटक लागल्यावर. जानेवारीतल्या मंगळवारी रात्री साठ माणसांत उभं राहून पहिलीच ओळख झाली तर तुम्ही परत जाणार नाही.

दिवस कसा निवडायचा

हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला संपतो. मुख्य वेळ शनिवार दुपारी ३. अधलेमधले सामने मंगळवारी किंवा बुधवारी रात्री पावणेआठच्या सुमारास.

शनिवारच्या तीनला एक वेगळं महत्त्व आहे. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवता येत नाही. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून साठच्या दशकापासून हा निर्बंध पाळला जातो. म्हणजे पुण्यात बसलेला तुमचा भाऊ आर्सेनलचा तीनचा सामना टीव्हीवर बघू शकतो, आणि आर्सेनलच्या मैदानापासून दोन मैलांवर राहणारे तुम्ही नाही. त्या अडीच तासांत फुटबॉल पाहायचा कायदेशीर मार्ग एकच, मैदान गाठणं.

सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांचा शनिवार. प्रीमियर लीग आणि तिच्या लगेच खालची चॅम्पियनशिप तेव्हा बंद असतात, मोठ्या क्लबांचे समर्थकही छोट्या मैदानांकडे वळतात आणि गर्दीला रंग चढतो. २०१० पासून साजरा होणारा ‘नॉन-लीग डे’ याच कल्पनेतून निघाला. त्या दिवशी काही क्लब मोठ्या क्लबांच्या सीझन तिकीटधारकांना सवलत देतात.

दुसरा पर्याय एफए कपच्या, म्हणजे मोठे-छोटे सगळे क्लब खेळतात त्या बाद स्पर्धेच्या, पात्रता फेऱ्या. या स्पर्धेत सातशेहून अधिक क्लब उतरतात. टीव्हीवर दिसणाऱ्या फेऱ्यांच्या कितीतरी आधी, ऑगस्टमध्येच, तिचा पहिला चेंडू अशाच एखाद्या मैदानावर पडतो. जिंकलेल्या क्लबाला बक्षिसाची रक्कम मिळते आणि छोट्या क्लबाचा वर्षाचा हिशेब त्यावर हलतो. खेळाडूंच्या अंगात त्या दिवशी वेगळंच वारं असतं.

मैदान शोधायला फुटबॉलॉजी नावाचं अॅप उपयोगी पडतं. आपण जिथे आहोत तिथल्या आसपासचे त्या दिवशीचे सामने ते नकाशावर दाखवतं. अॅपवर सामना सापडला तरी वेळेची खात्री क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करा.

उदाहरणादाखल एक मैदान: चॅम्पियन हिल

लंडनमध्ये असाल तर सुरुवातीला मी डलिच हॅम्लेटचं नाव सुचवेन. चॅम्पियन हिल हे त्यांचं घरचं मैदान. दक्षिण लंडनमधला हा क्लब १८९३ चा, रंग गुलाबी आणि निळा. २०२३ मध्ये तो सहाव्या पायरीवरून इस्थमियन प्रीमियरमध्ये, म्हणजे सातव्या पायरीवर उतरला, तरी गर्दी वरच्या पायऱ्यांना लाजवणारी. लंडन ब्रिजहून ईस्ट डलिचची गाडी पकडायची. मध्ये पेकहॅम राय लागतं आणि पुढचंच स्टेशन आपलं. स्टेशनवरून मैदान पाच मिनिटांच्या चालीवर, एका मोठ्या सुपरमार्केटच्या शेजारी आहे. मैदानाकडे नेणाऱ्या रस्त्याचं नाव एडगर केल वे. हा केल डलिचकडून खेळत असतानाच १९२९ मध्ये इंग्लंडसाठी तीन सामने खेळला. त्याच्या नावाचं गाणं गोलमागे अजून म्हटलं जातं. ते म्हणणाऱ्यांपैकी कुणीही त्याला खेळताना पाहिलेलं नाही.

आजचं मैदान १९९२ मध्ये नव्याने बांधलेलं, तीन हजारांच्या आसपास क्षमतेचं. आधीचं बरंच मोठं होतं. १९३३ मध्ये अमॅच्युअर कपच्या (हौशी संघांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्याला तिथे वीस हजारांवर प्रेक्षक होते, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं तेही तिथेच. त्याच ऑलिंपिकमध्ये, ३१ जुलैला, स्वतंत्र भारताचा संघ पूर्व लंडनच्या इलफर्डमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या, रामनने बरोबरीचा गोल केला आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ असा सामना काढला. वेम्बलीच्या झगमगाटात भारतीय फुटबॉलची खूण शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती असल्या उपनगरी मैदानांतच आहे.

२०१८ च्या मार्चमध्ये जमिनीच्या मालकीच्या वादातून डलिचला चॅम्पियन हिलबाहेर काढलं गेलं. त्यांनी घरचे सामने टूटिंग अँड मिचम या क्लबाच्या मैदानावर खेळले, आणि त्याच हंगामात बढतीही मिळवली. डिसेंबरात क्लब घरी परतला. ही कथा समर्थकांकडून ऐकण्यात जास्त मजा आहे. मध्यंतरात शेजारच्याला नुसतं विचारून बघा.

एक सूचना. इथे चांगल्या हवेच्या शनिवारी तिकिटं संपतात, त्यामुळे ती आधी ऑनलाइन काढा. इतर बहुतेक मैदानांवर ही गरज पडत नाही.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सामना होणार हे गृहीत धरू नका. पाणी साचलं किंवा जमीन गोठली की सामना पुढे ढकलतात. रेफरी सकाळी मैदानाची पाहणी करतो आणि निकाल क्लबच्या समाजमाध्यमांवर लगेच येतो. तो पाहिल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. पावसाळी आठवड्यात कृत्रिम गवताचं मैदान निवडणं शहाणपणाचं. लंडनहून रेल्वेने जाण्यासारखं उदाहरण म्हणजे केंटमधलं मेडस्टोन युनायटेड. याच क्लबाने सहाव्या पायरीवर असताना जानेवारी २०२४ मध्ये एफए कपात चॅम्पियनशिपमधल्या इप्सविचला हरवलं होतं.

शनिवार-रविवारी रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा जाण्याबरोबर परतीचाही मार्ग तपासा.

कपड्यांच्या बाबतीत थंडी अंगाला कमी आणि पायांना जास्त लागते. दोन तास काँक्रीटवर उभं राहायचं असतं. जाड मोजे, शक्य तर दोन जोड, जाड तळव्याचे बूट आणि कानटोपी. छत्री नको, मागच्याला दिसत नाही. टोपीचं जाकीट घाला. मोठ्या क्लबचा शर्ट घालून जाऊ नका. कुणी मारणार नाही, पण टोमणे नक्की मिळतील.

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी थोडी नाणी आणि पाच-दहाच्या नोटा खिशात असाव्यात. खालच्या पायऱ्यांवर सोडतीची तिकिटं विकणाऱ्या आजोबांकडे मशीन असेलच असं नाही.

फाटकावर आणि आत

तीनच्या सामन्याला दोनच्या आसपास पोहोचा. टर्नस्टाइलवर (फिरत्या फाटकावर) बसलेली व्यक्ती सहसा स्वयंसेवक असते. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र दाखवून सवलत विचारा. न विचारता क्वचितच मिळते. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी नाममात्र दर असतो किंवा प्रवेश फुकट.

आत शिरल्यावर पहिली खरेदी प्रोग्रॅमची, छापील मिळत असेल तर. दोन-तीन पौंडांत खेळाडूंची माहिती, गुणतक्ता आणि व्यवस्थापकाचं जरासं रडगाणं वाचायला मिळतं. संघात कोण खेळणार हे चहाच्या खिडकीजवळ फळ्यावर किंवा कागदावर लावलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढचे दोन तास तोच आधार.

मग गोल्डन गोलचं तिकीट. पाकीट फोडलं की आत एक मिनिट लिहिलेलं असतं. त्या मिनिटाला पहिला गोल झाला तर बक्षीस तुमचं. काही ठिकाणी याऐवजी अर्धी रक्कम विजेत्याला आणि अर्धी क्लबला अशी सोडत असते. पौंडभर गेला तर जाऊ द्या, पण तुमच्या तिकिटावर ३४ लिहिलेलं असलं की तेहतिसाव्या मिनिटाला अनोळखी क्लबसाठी जीव कसा वरखाली होतो ते अनुभवायलाच हवं.

उभं कुठे राहायचं

नियम एकच: आधी गोलमागे, मग पाहिजे तिथे. सातव्या-आठव्या पायरीवर दोन्ही संघांचे समर्थक सहसा वेगळे ठेवलेले नसतात. घरचे लोक ज्या गोलवर आपला संघ हल्ला करणार त्याच्या मागे जमतात. नाणेफेकीनंतर बाजू बदलल्या की झेंडे, ढोल आणि बिअरचे ग्लास सांभाळत सगळी वरात दुसऱ्या टोकाला निघते. मध्यंतरात पुन्हा तेच. वाटेत पाहुणे समर्थक समोरून येत असतात आणि दोन्हीकडून शाब्दिक फटकेबाजी होते. मोठ्या स्टेडियममध्ये ही गंमत नाही, कारण तिथे तुमचा जीव एका खुर्चीला बांधलेला असतो. तेव्हा पूर्वार्धात घरच्या समर्थकांत उभे राहा आणि मध्यंतरात त्यांच्याबरोबर चाला.

उत्तरार्धातली पंधरा-वीस मिनिटं मात्र डगआउटच्या, म्हणजे व्यवस्थापक आणि राखीव खेळाडू बसतात त्या बाकांच्या, बाजूला काढा. खेळ कसा चालवला जातो ते इथे कानांनी कळतं. ‘मॅन ऑन’ म्हणजे मागून प्रतिस्पर्धी येतोय. ‘टाइम’ म्हणजे घाई नको, वळायला वेळ आहे. ‘अवे’ म्हणजे चेंडू लांब भिरकाव. गोलकीपर अखंड बोलत असतो, बचावफळीला ढकलत असतो, आणि टीव्हीवर ही अर्धी लढाई कधीच ऐकू येत नाही. शिव्याही भरपूर ऐकू येतात. मुलं बरोबर असतील तर डगआउटपासून लांबची बाजू धरा.

सराव चालू असताना गोलमागे फोनमध्ये डोकं घालून उभे राहू नका. चेंडू जोरात येतो आणि कठड्यापलीकडे जाळी असेलच असं नाही. तुमच्याकडे आलेला चेंडू परत फेकायचा, तो इथला शिष्टाचार आहे. मैदानात पाऊल मात्र टाकायचं नाही.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं, इथे नाही. गोल झाला की झाला, जल्लोष अर्धवट राहत नाही. नवव्या पायरीपासून खाली आणखी एक वेगळी गोष्ट दिसेल: रेफरीशी हुज्जत घातली तर खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात.

खाणं, पिणं आणि शाकाहारी मंडळी

इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. थंडीत सगळ्यांच्या हातात दिसणारं वाफाळतं बोव्हरिल चहासारखं दिसतं, पण तो गोमांसाचा अर्क आहे. ‘पाय’ (pie), म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, बहुधा मांसाचा असतो. चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप, निर्धोक वाटतात, पण इंग्लंडच्या उत्तरेकडे ते कधीकधी गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे खिडकीवर ‘व्हेजिटेबल ऑइल का?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चीज-अनियन पेस्टी मिळाली तर दुपार निभावते. चॅम्पियन हिलसारख्या ठिकाणी खाण्याचे बरे स्टॉल असतात. ग्लॉस्टरशरच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर तर २०१५ पासून सगळंच व्हीगन आहे. चहा मात्र कुठेही घ्या. आपल्या जिभेला पाणचट लागेल, हातांना बरं वाटेल.

वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यास १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. सहाव्या पायरीपासून खाली ती लागू नाही, त्यामुळे बिअरचा ग्लास घेऊन कठड्याशी उभं राहता येतं. छोट्या क्लबाच्या उत्पन्नात बारचा वाटा मोठा असतो. पिणार नसाल तरी चहा, चॉकलेट, काहीतरी आतच विकत घ्या.

कुणी वेडंवाकडं बोललं तर

बहुतेक ठिकाणी अनोळखी चेहरा पाहून लोक कुतूहलाने बोलायला येतात, कुठून आलात, या क्लबचं नाव कसं कळलं वगैरे. पण वंशद्वेषी शेरे कधीच होत नाहीत असं सांगणं खोटं ठरेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये एफए कपच्या पात्रता फेरीत आपल्या खेळाडूंना उद्देशून असे शेरे आल्यावर हॅरिंगे बरोचा संघ मैदान सोडून गेला आणि सामना रद्द झाला. असं काही कानावर आलं तर स्वतः वाद न घालता जवळच्या कारभाऱ्याला लगेच सांगा. छोट्या मैदानावर क्लबचा सचिव दोन मिनिटांत शोधता येतो. ‘किक इट आउट’ या संस्थेकडे फोनवरूनही तक्रार करता येते.

आई-बाबांना घेऊन

भारतातून आई-बाबा येतात ते बहुधा जून ते ऑगस्टमध्ये. जुलैत सरावाचे मैत्रीपूर्ण सामने असतात, तिकीट स्वस्त, हवा छान. स्टँडमधल्या खुर्च्यांना सहसा नंबर नसतात, लवकर गेलं की मधली जागा मिळते. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून ठेवा, जुन्या मैदानांवर ते दूरच्या कोपऱ्यात आणि तोकडं असतं. बाबांना ऑफसाइड समजावण्यात पूर्वार्ध जाईल, हे धरूनच चला.

सामना संपल्यावर

पाचला दहा कमी असताना शिट्टी वाजते. लगेच स्टेशनकडे धावू नका. क्लबहाउसमध्ये टीव्हीवर देशभरचे निकाल येत असतात आणि सगळ्यांचे डोळे त्यावर. थोड्या वेळाने ओले केस घेऊन खेळाडू तिथेच जेवायला येतात. मघाशी तुमच्यासमोर कॉर्नर घेणारा मुलगा आता शेजारच्या टेबलावर पास्ता खात असतो. ‘वेल प्लेड’ म्हणायला हरकत नाही, हरलेले असले तर एवढ्यावरच थांबा.

लंडनबाहेर असाल तर

शेफील्डमध्ये राहणाऱ्यांनी हॅलमचं सँडीगेट मैदान चुकवू नये. २६ डिसेंबर १८६० ला इथे हॅलम विरुद्ध शेफील्ड असा सामना झाला, आणि हे जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान मानलं जातं. १८५७ मध्ये स्थापन झालेला तो शेफील्ड एफसी, जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब, आजही नॉन-लीगमध्येच खेळतो, पण घरचे सामने शहराबाहेर ड्रॉनफील्डला. दोघांचे सामने एकाच शनिवारी असतील तर मी हॅलम निवडेन. आणि एक शनिवारी, दुसरा मंगळवारी रात्री असेल, तर दोन्ही.